दांडी आडवी कोणी ठेवली

लाखोरीचं पीक उपटायचे दिवस होते. मी धानाच्या बांधीत वाकलेली होते आणि आमचे हे शेताच्या धुऱ्यावरून येताना दिसले. शेतात येताना ते नेहमी सायकल हातात धरून येतात. त्या दिवशी सायकल नव्हती. मी उभी राहिले. ते बांधीत उतरले नाहीत, धुऱ्यावरूनच म्हणाले, "चाल घरी. भाऊ गेला. जेवून टेकला होता, उठलाच नाई." मी हातातली पेंढी तिथंच ठेवली. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी दुःख व्हायला पाहिजे. मला आधी भीती वाटली. एक गोष्ट फक्त त्या गेलेल्या माणसाला आणि मला माहीत होती, आणि आता ती माझ्या एकटीजवळ उरली होती... घरापर्यंतच्या वाटेवर मी रडले ते त्या भीतीनं रडले.

दौलतभाऊ माझे भासरे, ह्यांचे मोठे भाऊ. मी त्यांना मोठे भाऊजी म्हणायचे, पण तेही दुसऱ्यांशी बोलताना. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. आताच्या सुना बोलतात, सोबत फोटोही काढतात. मी लग्न होऊन आले तेव्हाची रीत मोडायची मला कधी हिंमत झाली नाही, आणि त्यांनी कधी मोडायला लावली नाही. आमचं अंगण एक, चुली दोन. मला काही सांगायचं असलं की ते अंगणातल्या गाईकडे पाहून बोलायचे. "आज कोंढा गावचा बाजार हाय. कोनाले काई आनाचं असन त सांगाव." गाय कान हलवायची. मी माझ्या दारातून जाऊबाईंना म्हणायचे, "बाई, मीठ सरलं म्हना." तीस वर्षं असं चाललं. लोक हसायचे, पण मला त्याचा आधारच होता. जिला माणसांसमोर तोंड उघडायची भीती वाटते, तिला गाय बरी.

मोठे भाऊजी जवाहरनगरच्या कारखान्यात बॉयलरवर होते. पहाटे कारखान्याची बस, संध्याकाळी कारखान्याची बस, असा त्यांचा जन्म गेला. रिटायर झाले तेव्हा त्यांना दिवस जाईना. आमच्या गावामागं गिट्टीची जुनी खदान आहे. खदानीपासून सडकेपर्यंत छोट्या रुळांची लाइन होती आणि तिच्यावर एक लहानसं वाफेचं इंजिन चालायचं. खदान बंद पडली, मालकानं इंजिन शेडमध्येच सोडलं. शेडचे टिन उडाले, इंजिनाच्या बगलेतून बोर उगवली. बाया तिची बोरं वेचायच्या. मीही वेचली आहेत, चाकावर पाय देऊन.

एका दुपारी ते ओसरीवर बसून ह्यांना मोबाइल दाखवत होते. मी चहा घेऊन दारात उभी. "पाह्य, हे वेल्स. विलायतेतला लहानसा मुलूख. आपून शाळेत पाटीवर लिहत होतो ना, त्या पाटीच्या दगडाच्या खदानी हायेत इथं. खदानी बंद झाल्या, छोट्या लाइनी गंजल्या. मंग तिथल्याच लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन येऊन त्या उभ्या केल्या. इंजिन पन तेच दुरुस्त करतेत, चालवतेत बी तेच. पगार नाई, काई नाई."

हे म्हणाले, "गोऱ्यायले कामधंदा नाई."

"तुले तरी कुठं हाय?"

मग त्यांनी मोबाइल थोडा दाराकडे फिरवला आणि गाईकडे पाहून म्हणाले, "बाईमानूस कोळसा टाकून राहिली. पिकल्या केसाची." मी पाहिलं. एक म्हातारी बाई, तोंडाला काजळी, हातात फावडं, हसत होती. तिच्या मागं हिरवा डोंगर आणि पाऊस. मला ती बाई कितीतरी दिवस आठवत राहिली.

पुढच्या रविवारी ते विळा आणि कुऱ्हाड घेऊन खदानीत गेले आणि बोर तोडली. सुरुवातीला एकटेच. मग गणपतभाऊ आले. ते रेल्वेच्या छोट्या लाइनीवर गँगमन होते, सत्तरी तेव्हाच ओलांडली होती. रूळ हातानं चाचपून ते कुठं वाकला आहे सांगायचे. मग हिरामणभाऊ आले. ते कारखान्यात मोठ्या भाऊजींच्या हाताखाली बॉयलर शिकलेले, वयानं दहा-बारा वर्षांनी लहान, त्यांच्याजवळही बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट. दर रविवारी कोणी ना कोणी वाढत गेलं. बॉयलरच्या नळ्या काढल्या, गंज खरवडला, फुटलेल्या नळ्या बदलल्या. चार वर्षं लागली. नागपूरहून बॉयलरचे साहेब आले, त्यांनी पाण्याच्या दाबावर तपासून कागद दिला, त्या दिवशी मोठ्या भाऊजींनी गावात पेढे वाटले.

मी आधी फक्त चहा घेऊन जायचे. एकदा चहा देऊन उभी होते, तर पितळेची एक चकती काळी ठिक्कर पडलेली दिसली. घरी येऊन चिंच भिजवली, राख चाळली, आणि दुसऱ्या रविवारी कोणाला न विचारता ती चकती घासली. पिवळी धमक निघाली. मोठे भाऊजी आले, चकतीकडे पाहत उभे राहिले, आणि इंजिनालाच म्हणाले, "आता बाकीचं बी काळं ठेवता नाई येनार." तेव्हापासून इंजिनाचं सगळं पितळ माझ्याकडे. आमचे हे म्हणायचे, "माह्या घरचा पान्याचा गडवा काळा अन् इंजिन सोन्यावानी!" मी हसण्यावारी न्यायचे. पण खरं सांगायचं तर आयुष्यात मला माझ्या हाताच्या कामाचा गर्व वाटला तो तिथंच. त्या गर्वानंच मला फसवलं.

इंजिनात चालवणाऱ्याच्या समोर एक उभी काचेची नळी असते. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते त्या काचेत दिसतं. नळीच्या वर एक आणि खाली एक अशा पितळी दांड्या असतात. दांडी खाली लोंबती असली म्हणजे रस्ता उघडा, आडवी असली म्हणजे बंद. दोन्ही बंद केल्या तर काचेत आहे तेवढं पाणी अडकून राहतं. मग बॉयलर रिकामा झाला तरी काच भरलेलीच दिसते. आणि पाणी कमी झालेल्या बॉयलरखाली आग राहिली तर काय होतं, ते मोठे भाऊजी कधी बोलून दाखवत नसत. नुसता हात वर करून बोटं पसरायचे.

संक्रांतीनंतरचा रविवार. बचत गटाच्या बायांना आणि लेकरांना गाडीत बसवायचं ठरलं होतं. इंजिनामागं दोन उघडे डबे, बाकं लावलेले. आदल्या दिवशी दुपारी पाणी भरून झालं आणि मी पितळ घासायला बसले. उद्या सगळ्या गावच्या बाया येणार. काचेच्या दांड्यांची पुढची बाजू चमकत होती, मागची हिरवी पडली होती. कोणाला दिसली नसती. मी दोन्ही दांड्या आडव्या केल्या आणि मागची बाजू घासली... तेवढ्यात जाऊबाईंनी सडकेवरून हाक मारली, गाय सुटली होती. मी चिंधी तिथंच टाकून पळाले. दांड्या आडव्याच राहिल्या.

रविवारी सकाळी मोठे भाऊजी पवनीला सोयरिकीच्या बैठकीला गेले होते. आग हिरामणभाऊंनी पेटवली. आगीच्या आधी काचेतलं पाणी खालच्या तोटीतून सोडून पाहायचं असतं, ते पुन्हा वर येतं का बघायचं असतं. बाया लवकर जमल्या, लेकरांचा गलका, त्यांनी नुसतं पाहिलं, काच पाऊण भरलेली, आणि पेटवली. गाडी चार वेळा सडकेपर्यंत गेली आणि आली. बायांचं हसणं, लेकरांच्या शिट्ट्या. माझी नात दुसऱ्या डब्यात, माझ्या सुनेच्या मांडीवर. मी शेडच्या खांबाजवळ उभी राहून माझ्या पितळेकडे पाहत होते.

पाचव्या वेळी गाडी निघायची तेवढ्यात मोठे भाऊजी पवनीहून आले, बैठकीचे पांढरे कपडे अंगावर. हिरामणभाऊ वरून ओरडले, "दौलतभाऊ, तुमचं इंजिन आज उपासावर हाय! सकाळपासून पाणीच पिऊन नाई राहिलं, काच तेवढीच भरलेली!"

सगळे हसले. मोठे भाऊजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ते धावत इंजिनावर चढले. दोन्ही दांड्या आडव्या दिसल्या, त्यांनी त्या खाली केल्या. काचेतलं पाणी खाली गेलं, सगळं गेलं. काच कोरडी.

"पाणी नको टाकू!" ते हिरामणभाऊंवर ओरडले. तापलेल्या लोखंडावर गार पाणी गेलं तर अजून वाईट, हे मला नंतर कळलं. "उतर. सगळ्यायले घेऊन जाय. त्या मोहाच्या झाडामागं. गणपतभाऊ, लेकरं काढा!"

"तुमी?"

"जाय म्हनतो ना बे!"

बाया उतरल्या, लेकरं ओढली, कोणाची चप्पल राहिली. आम्ही मोहाच्या मागं उभे. ते एकटे वर. लांब सळईच्या खोऱ्यानं आग ओढून ओढून रुळांवर खाली टाकत होते. निखारे पडायचे, धूर उठायचा, त्या धुरात पांढरा सदरा दिसायचा आणि दिसेनासा व्हायचा. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त दांडी होती, आडवी... मला तेव्हाच कळलं होतं. मोहाच्या मागं उभं राहून, नातीचा हात धरून, मला सगळं कळलं होतं.

आग सगळी खाली पडली. ते उतरले आणि रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरवर बसले. सदऱ्याला ठिणग्यांनी भोकं पडली होती. गणपतभाऊ म्हणाले, "पन दांड्या आडव्या ठेवल्या कोनं?"

माझ्या ओठांवर आलं होतं. खरंच आलं होतं. पण तीस माणसं, त्यात भासरे... पदर तोंडाशी धरून मी उभी राहिले.

मोठे भाऊजी म्हणाले, "म्या. काल सांजेले तपासल्या, अन् राहून गेल्या. वय झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. ते गाईला कुटार घालायला आले. गाईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "पितळ बेस निघते. मागून घासाचं असन त घासाव. पन झालं का दांडी खाली करून ठेवाव लागते." बस. आवाजात राग नव्हता. मी झाडू धरून उभी होते. "चुकलं जी" एवढे दोन शब्द मला म्हणता आले नाहीत. गाईलासुद्धा नाही. ते आत गेल्यावर मी म्हणाले, गोठ्यात जाऊन.

त्यानंतर साडेपाच आठवडे ते होते. बॉयलर गार करून तपासला. आतला शिशाचा डाट, पाणी कमी झालं की वितळून इशारा देणारा, वितळायच्या बेतात होता. साहेबांनी पुन्हा येऊन पाहून दिलं. मोठे भाऊजी पहिल्यासारखे येत-जात होते, पण दांड्यांना हात लावत नव्हते. आपणच चूक कबूल केलेली, मग हात कसा लावणार? हिरामणभाऊ करायचे आणि ते मागं उभे राहून पाहायचे. चाळीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस माझ्यामुळं मागं उभा राहत होता. मी दर रविवारी ठरवायचे, आज जाऊबाईंना सांगू, त्या त्यांना सांगतील, ते लोकांना सांगतील. रविवारची संध्याकाळ व्हायची...

मग ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं, वयाप्रमाणं. पण तिसऱ्या दिवशी जाऊबाई सहज बोलून गेल्या, "आग ओढली तईपासून डावा हात दुखते म्हनत होते. म्या म्हटलं मुरगळला असन." त्यांनी ते कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. मला मात्र ते लागलं आणि अजून तिथंच आहे. हात त्या आगीनं दुखत होता की वयानं, हे मला कोण सांगणार? डॉक्टरांना विचारायला मी आधी सगळं सांगायला पाहिजे.

विहारात पुण्यानुमोदनाची सभा झाली. लोक चांगलं बोलले. शेवटी हिरामणभाऊ उठले. म्हणाले, "दौलतभाऊनं आमाले शिकवलं. पन शेवटी शेवटी विसरभोळे झाले होते. त्यातून आपून शिकलं पायजे." आणि पुढं, "साठीच्या वरच्या कोनालेच आता इंजिनावर चढू द्याचं नाई, असं मले वाटते." लोकांनी माना हलवल्या. मी बायांच्या ओळीतून गणपतभाऊंकडे पाहिलं. शहात्तर वर्षांचा माणूस, बायको नाही, मुलगा पुण्याला. रविवारसाठी जगणारा. ते जमिनीकडे पाहत होते आणि टोपीची घडी घालत होते, उलगडत होते. बुद्धपौर्णिमेला इंजिन पुन्हा पेटवायचं ठरलं. पितळ घासायला माझ्यासोबत दोन नव्या मुली द्यायचंही ठरलं.

मी त्या रात्री जेवले नाही. दांडी आडवी राहते ती वयामुळं नाही, घासण्यामुळं राहते, हे फक्त मला माहीत होतं. म्हाताऱ्यांना खाली उतरवून ते थांबणार नव्हतं. त्या दोन मुली मागची बाजू घासतील, जशी मी घासली... आणि मोठ्या भाऊजींचं नाव विसरभोळे म्हणून राहील. जे कारखान्यात कधी एक दांडी विसरले नाहीत.

मागच्या रविवारी मी गेले. ह्यांना सोबत चला म्हटलं. ते म्हणाले, "काय झालं सांग त खरं." मी म्हटलं, "तिकडंच सांगतो. एकदाच सांगता येईन मले." शेडमध्ये हिरामणभाऊ, गणपतभाऊ आणि सात-आठ जण होते. मी खांबाजवळ उभी राहिले. बराच वेळ कोणाचं लक्ष गेलं नाही. मग गणपतभाऊ म्हणाले, "काय व वयनी, आज चहा न आनता आली? का इंजिनाची पूजा घालाले आली?"

मी म्हणाले, "दांडी आडवी म्या ठेवली होती."

आवाज इतका लहान निघाला की हिरामणभाऊ "काय?" म्हणाले. मी परत म्हणाले. मग सगळं सांगितलं, चिंच, मागची बाजू, गाय सुटली ते, आणि मोठे भाऊजी दुसऱ्या दिवशी काय बोलले ते. जमिनीकडे पाहत सांगितलं. आमचे हे माझ्याकडे असे पाहत होते की जणू मी दुसऱ्या कोणाची बायको आहे.

हिरामणभाऊ खाली बसले. मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, "म्या काच सोडून पाहिली नव्हती, वयनी. पाहिली असती त तुमची चूक तिथंच सापडली असती. मले वाटे दौलतभाऊ माह्यासाठी खोटं बोलले. म्या पाह्याचं सोडलं, अन् त्याहीनं आपल्या अंगावर घेतलं. अडीच महिने मले झोप नाई." मग थांबून म्हणाले, "अन् आपलं झाकाले म्या त्याहीले विसरभोळे केलं. सगळ्यायसमोर. विहारात."

गणपतभाऊंनी टोपी काढली आणि तोंड पुसलं. मग म्हणाले, "एकाच खोट्यात दोघं झाकले लेकाच्यानं." त्यांचा आवाज मोडला होता, पण ते हसतही होते.

त्याच दिवशी वयाचा नियम मोडीत निघाला. नवा नियम झाला. आग पेटवण्याआधी काच दोघांनी पाहायची. एकानं पाणी सोडायचं, दुसऱ्यानं ते परत वर आलेलं पाहायचं आणि शेडच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगायचं. सांगितल्याशिवाय काडी ओढायची नाही. दुसरं माणूस कोण, ते हिरामणभाऊंनी मला न विचारता ठरवलं. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "पितळ तुमचं हाय. तुमीच पाह्यान."

पौर्णिमेच्या आधी काल एकदा पेटवून पाहिलं. डब्यात कोणी नव्हतं. हिरामणभाऊंनी काचेची तोटी सोडली. पाणी गेलं, आणि उडी मारून वर आलं. मी पाहिलं. आता सांगायचं होतं. तोंड उघडलं तर वारा निघाला. "ऐकू नाई आलं जी," हिरामणभाऊ काडी हातात धरून उभे. दुसऱ्यांदा गणपतभाऊ दारातून ओरडले, "मले बी नाई आलं!" मला मागं फिरून पळावंसं वाटलं. तिसऱ्यांदा मी ओरडले, "पाणी आहे! वर आलं!" आणि शेडच्या टिनांवरून माझाच आवाज मला परत ऐकू आला. इतका मोठा आवाज माझा आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांनी काडी ओढली.

मोठे भाऊजी बॉयलरखाली आग असेपर्यंत कधी खाली टेकत नसत. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. कोणी बाक पुढं केला तर म्हणायचे, आग बसली का मी बसतो. काल मला गणपतभाऊंनी दोनदा बाक आणून दिला. मी बसले नाही. वाफ धरल्यावर काचेतलं पाणी एका जागी राहत नाही, जरा जरा हलत राहतं. त्या रविवारी ते हललं नसणार आणि कोणी पाहिलं नसणार. काल मी आग पडेपर्यंत, चार तास, त्याच्यासमोर उभी होते. डोळे दुखायला लागले, तरी काचेवरून नजर काढली नाही. हलत होतं.